विडी कामगार नगरसेविकेवर मालिका का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजकीय मालिका म्हटली की खून, नोटांच्या बॅगा आणि फार्महाऊसवर पडणारी सरकारं, असंच समीकरण झालंय. खुर्ची कोण पटकावणार, हे कुतूहल माझ्या बाबतीत दोन-तीन भागांत संपतं. खुर्चीवर बसलेलं माणूस घरी गेल्यावर काय बोलतं आणि काय लपवतं, हे पाहायला मात्र मी रात्र जागून काढतो.

डेन्मार्कच्या सार्वजनिक वाहिनीवर २०१० साली आलेली ‘बोर्गन’ मी अशीच पाहिली. तिथल्या राजकारणाचा मला गंधही नव्हता. तिची नायिका बिर्गिट न्यूबोर्ग आघाडीतल्या तडजोडींतून पंतप्रधान होते. पहिल्याच पर्वात तिच्या नवऱ्याला मनासारखी नोकरी मिळते, पण त्या कंपनीचा संबंध सरकारच्या लढाऊ विमानांच्या खरेदीशी निघतो. ती त्याला नोकरी सोडायला सांगते. पंतप्रधान म्हणून तिचं बरोबरच आहे, आणि तिथूनच संसार उसवत जातो. दोघांपैकी कुणालाच दोष देता येत नाही, म्हणून तो प्रसंग डोक्यातून जात नाही. आघाडी कशी टिकते, पाठिंबा काढण्याची धमकी काय करते, हेही त्या बाईच्या काळजीतूनच आपल्याला कळत जातं.

आपल्या मातीत ही दृष्टी होतीच. पंढरपूरला जन्मलेल्या डॉ. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ चित्रपटातला (१९७४) साखरसम्राट हिंदुराव निळू फुले यांनी असा रंगवला, की त्याची धास्ती वाटते आणि गावात आलेल्या दारुड्या मास्तरांबद्दलचा त्याचा ओढाही खरा वाटतो. साखर कारखान्यांच्या आमच्या सोलापूर जिल्ह्यात तो कुणालाच परका नव्हता. अलीकडची ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ घ्या. गायकवाडांचं मराठी घर, प्रिया बापट, सोलापूरच्या रंगभूमीवर उमेदवारी केलेले अतुल कुलकर्णी, आणि मालिका हिंदीत! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठी वाहिन्यांची अडचण रोजच्या भागाची आहे. रोज भाग भरायचा तर पात्रं जागची हलू देता येत नाहीत. सोसणारी सोसत राहते, कारस्थानी कारस्थानं करत राहते. राजकारणातला माणूस दर निर्णयागणिक थोडा बदलतो आणि तेच तर पाहायचं असतं.

विषय शोधायला मुंबईला जायची गरज नाही. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागातली, घरी विड्या वळणारी एखादी पद्मशाली (तेलुगूभाषक विणकर समाजातली) बाई निवडून आली असं समजा. सुरुवातीला कागद नवरा वाचतो, ही सही करते. मग एक दिवस सहीआधी ती विचारते, यात काय लिहिलंय? पुढे तिनेच लावून धरलेल्या रस्ता रुंदीकरणात तिच्या सख्ख्या जाऊबाईंचं घर जायची वेळ येते. सर्वसाधारण सभेत ती काय बोलेल? आणि रात्री जेवायला बसल्यावर? मला हे पाहायचंय.

दूरदर्शनवर तेरा भागांच्या साप्ताहिक मालिका आपण आवडीने पाहिल्या आहेत. खासगी वाहिन्यांनी आठवड्यातली एक रात्र अशा मालिकेला द्यावी. आणि संवाद पुणेरी वळणावर घासूनपुसून न घेता, आमच्याकडे बोलतात तसे तेलुगू-कन्नडचा वारा लागलेलेच ठेवावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर