दोन सेंटांचा पूल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आई विचारणार. पण फोनवर बाबा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांनाच सांगायचंय. आमच्या गॅलीतला, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातला, कुडाळचा मुलगा पुढच्या आठवड्यात बोटीवरचं काम संपवून घरी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. ताई, तू मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

परवा सात आठवड्यांनी मला नीट बाहेर पडायला मिळालं. बोट बंदराला लागली की सगळेच उतरतात असं तुम्हाला वाटतं, पण उतरतात ते प्रवासी. आमच्यातल्या काही जणांना प्रत्येक बंदरात आयपीएम लागते, म्हणजे आग लागली किंवा काही झालं तर बोट सांभाळायला मागे थांबायचं. ती नसली तर ड्यूटी असते, आणि ड्यूटी नसली तर इतकी झोप आलेली असते की बाहेर कुठलं बेट आहे हे बघायचंही त्राण नसतं. परवा मात्र सगळं जुळून आलं. नाश्त्याची शिफ्ट संपवली, दहाला गँगवेवर कार्ड दाखवलं, तीनपर्यंतचा वेळ माझा. इथले सकाळचे दहा म्हणजे तुमच्याकडचे संध्याकाळचे साडेसात. आई तुळशीपाशी दिवा लावून आत आली असेल, हा हिशेब पायऱ्या उतरताना मनात होतोच.

बेटाचं नाव कुरासाव. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून 65 किलोमीटरवर, डचांच्या राज्यातलं. कॅरिबियन म्हटलं की माडाची बनं डोळ्यांसमोर येतात, पण हे बेट कोरडं ठणठणीत. आपल्याकडे एका जुलैत पडतो तेवढा पाऊस इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. नदी नाही. कुंपणाला निवडुंग. नळाला येतं ते समुद्राचंच पाणी, मीठ काढून गोड केलेलं. मी प्यायलो, चांगलं आहे. वारा मात्र कधी थांबत नाही. एकाच दिशेने वाहून वाहून त्याने दिवीदिवीची झाडं कंबरेत वाकवून टाकली आहेत, डोक्यावर भारा घेतलेल्या बाईसारखी.

विलेमस्टॅड हे तिथलं मुख्य शहर. आपल्या खाडीसारखीच एक चिंचोळी खाडी समुद्रातून आत शिरते, तिच्या एका अंगाला पुंडा आणि दुसऱ्या अंगाला ओट्रोबांडा. ओट्रोबांडाचा अर्थ विचारला तर 'पलीकडची बाजू'. म्हणजे आपली पलतड! गावाच्या अर्ध्या भागाला नावच पलतड. तिथेच मला घरी आल्यासारखं वाटलं. पलीकडच्या काठावर डच धाटणीची उंच, निमुळत्या माथ्याची घरं ओळीने उभी, पिवळी, निळी, गुलाबी. 1817 साली तिथल्या गव्हर्नरने पांढऱ्या भिंतींना मनाई केली; उन्हात त्या चकाकतात आणि आपलं डोकं दुखतं, असं त्याचं म्हणणं होतं म्हणतात.

बाबा, आता तुमच्यासाठी. या दोन काठांमध्ये पूल आहे आणि तो तरंगतो. 167 मीटर लांब, खाली 16 तराफे, वर लाकडी फळ्या. 1888 साली पहिल्यांदा बांधला. खांब नाहीत, कारण खाडीतून मोठाली जहाजं आत जातात. जहाज आलं की घंटा वाजते, दोन्ही टोकांची फाटकं बंद होतात, आणि पुंड्याकडच्या टोकाला एका केबिनमध्ये बसलेला माणूस इंजिन चालू करतो. पूल ओट्रोबांड्याच्या टोकाला बिजागरीवर अडकवलेला आहे, दारासारखा. तो अख्खा पूल पाण्यावरून फिरत फिरत काठाला येऊन टेकतो. घंटा वाजली तेव्हा मी पुलाच्या मध्यावरच होतो. कोणी घाबरलं नाही, सगळे कठड्याला टेकून उभे राहिले, आणि आम्ही माणसांसकट फिरलो. पायाखाली फळ्या हलत होत्या, इंजिनाची घरघर तळव्यातून वर येत होती, डिझेल आणि खाऱ्या पाण्याचा तोच वास. लोक या पुलाला लाडाने 'डोलणारी म्हातारी' म्हणतात. मी डोळे मिटून कठडा धरला आणि मला तुमची होडी आठवली, मागे वल्ह्याशी तुम्ही आणि पुढे दप्तर पोटाशी धरून मी.

पुंड्यात फार फिरलो नाही. ज्यूंचं 1732 सालचं प्रार्थनामंदिर आहे, जमिनीवर पांढरी वाळू पसरलेली. बाजारात कपड्यांच्या एका दुकानातल्या सिंधी आजोबांनी माझ्याकडे बघूनच हिंदीत विचारलं, कुठला? त्यांनी चहा पाजला. मग भूक लागली तसा जुन्या बाजाराच्या शेडमध्ये गेलो, प्लासा बिएऊ म्हणतात तिला. आई, तुला तिथे न्यायला हवं. लांब बाकं, मोठमोठी पातेली, आणि पातेल्यांपाशी तुझ्या वयाच्या बाया. मी भेंडीचं कालवण घेतलं, त्याला ते गियाम्बो म्हणतात, सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिचं नाव फुंची. भेंडी शिजून बुळबुळीत झालेली, त्यात मासा. वाढणारी बाई ते पातेल्यात एका काठीने घुसळत होती. काठीच्या टोकाला फांदीचेच चारपाच फाटे ठेवलेले, आणि काठी दोन तळव्यांत धरून फिरवायची. आपली रवीच! तिला लेले म्हणतात. मी हाताने तशी खूण करून दाखवली, माझी आई पण असंच करते, तेव्हा ती मनापासून हसली आणि फुंचीचा आणखी एक तुकडा ताटात टाकून म्हणाली, "दुशी". दुशी म्हणजे गोड. जेवणालाही म्हणतात आणि माणसालाही. तू 'झिला' म्हणतेस ना, तसंच वाटलं. त्यांच्या पापियामेंटू भाषेत बटाट्याला बटाटाच म्हणतात आणि अननसाला अनासा. आपल्याकडेही हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. इतक्या लांब येऊन घरचे शब्द कानावर पडले की काय वाटतं, ते मला लिहिता येत नाही.

बाकावर समोर एक म्हातारा बसला होता. मी पुलाचं कौतुक केलं, तर त्याने हे सांगितलं. सुरुवातीला पूल ओलांडायला पैसे पडायचे. पायात चप्पल-बूट असेल त्याला दोन सेंट, अनवाणी माणसाला फुकट. गरिबाला त्रास नको म्हणून केलेला नियम. पण व्हायचं उलटंच. पैसेवाले पुलाशी येऊन बूट काढून हातात घ्यायचे, आणि गरीब माणसं शेजाऱ्याकडून बूट उसने आणून घालायची आणि दोन सेंट मोजून द्यायची. 1934 पर्यंत हा टोल होता.

बाबा, या बेटावर डचांनी गुलामांचा मोठा बाजार मांडला होता. गुलामी उठली 1863 साली. म्हणजे पूल झाला तेव्हा तिला जेमतेम 25 वर्षं झाली होती. बूट उसने आणणाऱ्यांत कितीतरी जण असे असणार की ज्यांनी लहानपणी गुलामीच बघितली. आपण दोन सेंट दिले, आपण कोणाचे मिंधे नाही, एवढं मनात म्हणत त्यांना पुलावरून चालत जायचं होतं.

परत निघालो तर पुलावर निळा झेंडा. नारिंगी झेंडा लागला तर पूल थोड्या वेळासाठी उघडलेला असतो, निळा म्हणजे बराच वेळ. मला तीनला बोटीवर पोचायचं होतं, पोटात गोळा आला. पण अशा वेळी काठावरून फेरीबोट सोडतात, तिला पैसे घेत नाहीत. त्या बोटीत बसलो, तारी दोर सोडताना एक पाय काठावर आणि एक बोटीत ठेवून उभा होता, अगदी तुमच्यासारखा, आणि मला खालच्या वाडीतली मासे विकणारी आजी आठवली.

तुम्ही शाळेच्या पोरांकडून पैसे घेत नव्हतात आणि तिच्याकडूनही नाही. ती मात्र रोज उतरताना टोपलीतले दोन बांगडे मागच्या फळीवर ठेवायची. एकदा आई म्हणाली, कशाला घेता तिच्याकडून, ती दिवसभर उन्हात फिरते. तुम्ही म्हणालात, "नको म्हटलं तर उद्यापासून ती वळशाने चालत जाईल, होडीत पाय ठेवणार नाही." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वाक्य आठवत होतं, कळलं परवा.

ताईने मला पासबुकाचा फोटो पाठवला. दोन वर्षांत मी पाठवलेल्या पैशांतला एक रुपया निघालेला नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय हे डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले. ताईने विषय काढला की तुम्ही म्हणता, त्याच्या घामाचे पैसे आहेत, त्याच्या घराला लागतील. बाबा, मी गॅलीत दहा-अकरा तास उभा असतो ते खरं. पण तुमच्या होडीत मी दहा वर्षं फुकट बसलो. हे माझे दोन बांगडे आहेत, मी फळीवर ठेवलेत. तुम्ही ते उचला. मलाही वळशाने चालायला लावू नका.

शिमगा आटपला की ताई डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख घेईल. तुम्ही फक्त तिच्याबरोबर रिक्षात बसा. मी मे महिन्यात येतोय. एसटीतून उतरेन तेव्हा तुम्ही मला लांबूनच ओळखायला हवं.

आई, कुडाळच्या मुलाबरोबर एक लेले पाठवलंय, तिथल्याच बाजारातलं. लाकूड कच्चं आहे, आधी दोन दिवस पाण्यात ठेव आणि मग तेल लाव. कुळथाच्या पिठीला वापरून बघ आणि आपल्या रवीपेक्षा बरं की वाईट ते सांग. इथल्या गॅलीत मला कोणाला तरी सांगायचंय.

तुमचा,
झिल