धुळीचा कण आणि तुझा राजीनामा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

राजीनाम्याचं ऐकून मी फोनवर नुसतं ‘बरं’ म्हटलं, ते तुला लागलं असणार. त्या निर्णयावर बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय. तुझ्या पीएच.डी.च्या विषयावर बोलू.

गंमत बघ, नोकरीत असताना तू डिकोहेरन्सच्या नावानं खडे फोडायचीस. क्वांटम कॉम्प्युटरमधला क्यूबिट, म्हणजे त्यातला माहितीचा घटक, भोवतालाशी गुंतला की त्याचा क्वांटमपणा विरतो आणि केलेलं सगळं पाण्यात. आणि आता त्याच डिकोहेरन्समधून हे तुमचं-आमचं ठाम जग कसं उभं राहतं, ते शोधायचंय. चांगला पगार सोडून.

डिकोहेरन्सवरचा भौतिकशास्त्रज्ञ झेह यांचा पेपर १९७० सालचा. वस्तू कधी एकटी नसतेच. हवेचे रेणू, फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण तिच्यावर सतत आदळतात आणि ‘इथे’ व ‘तिथे’ या एकाच वेळी असलेल्या शक्यतांमधला मेळ भोवतालात पांगून जातो. आज हे सगळे शिकवतात. पण या विषयाला हात घातला आणि आपली कारकीर्द बसली, असं झेह स्वतःच म्हणायचे. तुला घाबरवायला सांगत नाहीये. म्हणजे, थोडंसं त्यासाठीच.

मला स्वतःला याच विषयातले भौतिकशास्त्रज्ञ झुरेक जास्त पटतात. अनोळखी क्वांटम अवस्था मोजायला जावं तर तीच बदलते, मग दुसऱ्यानं काय पाहायचं? ते म्हणतात, आपण वस्तूला हात लावतच नाही. तिच्या जागेची नोंद भोवतालात असंख्य वेळा उमटलेली असते. तू त्यातला एक तुकडा वाचतेस, मी दुसरा, आणि दोघींचं जुळतं. एक मायक्रॉनचा कण सूर्यप्रकाशात एक मायक्रोसेकंद ठेवला, तरी त्याच्या जागेची नोंद प्रकाशात सुमारे १० कोटी वेळा होते, असं त्यांचं आणि त्यांचे सहकारी रीडेल यांचं गणित आहे.

लहानपणी खिडकीच्या कवडशातली धूळ तू मुठीत धरायचीस आणि मूठ उघडून रडायचीस, ‘आत्ता तर होता!’ दादा हसायचा, तू त्याला चावायचीस. हट्टी तेव्हाही होतीस.

तरी एक सांगते. अनेक शक्यतांपैकी ही एकच का वाट्याला येते, हे कोडं झुरेक यांनी सोडवलं असं सगळे मानत नाहीत. तिथे तू वर्षानुवर्षं अडकलीस तर? फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ हारोश यांच्या गटानं १९९६ मध्ये पॅरिसला आरशांमधल्या पोकळीत अडकवलेल्या फोटॉनांचा डिकोहेरन्स टप्प्याटप्प्यानं होताना पाहिला, पुढे २०१२ चं नोबेल मिळालं; पण त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा होती. २०१९ मध्ये हिऱ्यातल्या दोषकेंद्रावर, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतल्या एका उणिवेवर, झुरेक यांची नोंदींची कल्पना तपासली गेली, तेही प्रयोगवाल्यांनीच. तुझे गाईड अशा कुणाबरोबर काम करतात का? नुसत्या कागदावरच्या कामाला पुढे नोकऱ्या कुठे असतात?

झालं, पुन्हा तिथेच आले. रागावू नकोस, शिकवायची सवय सुटत नाही. तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. नोंदींचे तुकडे किती लहान झाले की माणसांचं एकमत मोडतं, हा प्रश्न मला सुचला नसता. मावशीला फोन करून वाचून दाखवला; तिला काही कळलं नाही, तरी पूर्ण ऐकवला.

फेलोशिप किती वर्षांची आहे ते कळव. आणि बाबांना अजून तू रजेवर आहेस असंच वाटतंय, तेव्हा रविवारी फोन करशील तेव्हा त्यांच्याशी तूच बोल.

तुझी,
आई