हाताची जुनी सवय

लातूर

चि. समाधान यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की पुढच्या महिन्यापासून मेल मेडिकल वॉर्डातली नर्सिंगची ड्यूटी सोडून आयसीयूला जायचंय, मेट्रनबाईंनी हो म्हटलंय. तुझे पप्पा बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "याचं एका जागी बूड टिकत नाही." मी म्हटलं, तुम्ही एसटीत जन्म काढला, तुमचं बूड कुठं एका गाडीवर टिकलं होतं? ते हसले, आणि मग जे बोलले तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. म्हणाले, "गाडी बदलली की मांजरसुंब्याच्या घाटाआधी सपाट रस्त्यावरच मी एकदा ब्रेक दाबून बघायचो. पाय जुन्या गाडीच्याच हिशोबानं दाबतो ना."

वॉर्ड बदलताना हेच होतं बघ. जे येत नाही ते माणूस विचारतो, वाचतो, घाबरून का होईना सांभाळून करतो. घात करतं ते पाठ झालेलं.

आता तुझंच बघ. मेडिकलला अँटिबायोटिक द्यायचं म्हणजे मोकळा पोर्ट दिसला की इंजेक्शन दिलं, वरून सलाईननं फ्लश मारला, पुढच्या बेडवर गेलास. आयसीयूत त्याच लाईनवर नॉरॲड, म्हणजे बीपी वाढवायचं औषध, चालू असेल, तर तुझ्या त्या फ्लशबरोबर नळीत साचलेलं सगळं नॉरॲड एकदम आत जाणार आणि बीपी एका मिनिटात आभाळाला भिडणार. कुठली लाईन कशाची, हे पेशंटच्या मानेपासून पंपापर्यंत बोट फिरवून बघितल्याशिवाय सिरिंज लावायची नाही. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना आधी हे करायचं, फाईल नंतर.

दुसरं इन्सुलिन. तुमच्या वॉर्डातली साधी बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. १०० च्या बाटलीची सिरिंज नारिंगी टोपीची. आयसीयूत पंपावर इन्सुलिन लावतात ते ५० युनिट, सलाईननं ५० मिली करून, म्हणजे मिलीला एक युनिट. आता हिशोब कर. ४० च्या बाटलीतून ५० युनिट म्हणजे सव्वा मिली. १०० च्या बाटलीतून अर्धा मिली. ज्याच्या हाताला अर्ध्या मिलीची सवय आहे त्यानं घाईत ४० ची बाटली उचलली तर जातात फक्त २० युनिट. शुगर उतरत नाही म्हणून सगळे रात्रभर पंपाचा रेट वाढवत बसतात. सकाळी दुसरा कुणी नवी सिरिंज बरोबर भरतो, रेट मात्र तोच चढलेला, आणि शुगर एकदम उतरून पेशंट घामानं डबडबतो. यात आळशी कुणीच नसतं रे. म्हणून बाटलीवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा आणि शेजारच्या स्टाफला दाखवायचा. कुणी हसलं तर हसू दे.

माझं सांगते. १९९३ ला मी नोकरीत नवीन होते, लेबर रूमला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. उजाडल्यावर जीप, टेम्पो, ट्रक, ज्यातून जमेल त्यातून जखमी यायला लागले. कोण कुठल्या वॉर्डाची सिस्टर हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मला सर्जरीकडे पाठवलं.

भिंतीखालून काढलेला एक माणूस होता, दोन्ही मांड्या दाबल्या गेलेल्या. शुद्धीवर होता, पाणी मागत होता, घरच्यांची चौकशी करत होता. बाकीच्यांच्या मानानं बराच म्हणायचा. पण त्याच्या लघवीच्या पिशवीत काळ्या चहासारखं काहीतरी उतरत होतं. मला ते लगेच दिसलं, कारण लेबर रूमला गरोदरपणात बीपी चढून झटके आलेल्या बाईची पिशवी दर तासाला बघायची शिस्त मला लागलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, चिरडलेल्या स्नायूतलं विष रक्तात उतरतंय, किडनी वाचवायची तर सलाईन भरपूर सोडा, आणि आरएल (रिंगर लॅक्टेट) लावू नका, त्यात पोटॅशियम असतं. आता गंमत बघ. झटक्याच्या बाईला सलाईन मोजून-मापून द्यावं लागतं, नाहीतर फुप्फुसात पाणी होतं. तेच माझ्या हातात बसलेलं. त्या माणसाजवळून जाताना हात सारखा ड्रिपच्या चाकाकडे जाई, आणि शेजारच्या थोरल्या सिस्टर दरडावत, "अगं सोड, वाहू दे!" एकाच वॉर्डानं दिलेले दोन धडे, एक कामाला आला, दुसऱ्याला दाबून धरावं लागलं.

म्हणून मेडिकलमध्ये शिकलास ते सगळं विसर असं मी म्हणत नाही. उलट काही गोष्टी तिथलीच पोरं आयसीयूत नेतात. पावसाळा तोंडावर आलाय, सापाच्या केसेस सुरू होतील. घोणसीच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून घोणस चावलेल्याचं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरपं करून बघायचं, हे तुझ्या अंगवळणी पडलंय. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये ठेवलं किंवा साबणानं धुतलेल्या ट्यूबमध्ये ठेवलं तर रक्त चांगलं असूनही गोठत नाही, हेही तुला ठाऊक आहे. मण्यारच्या विषानं स्नायू लुळे पडून श्वास थांबतो. तसा पेशंट आला तर मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९८ दिसेल आणि सगळे निर्धास्त होतील. तू त्याच्या पापण्या बघ. मान उचलायला सांग. एका श्वासात आकडे मोजायला लाव. मघाशी वीसपर्यंत मोजणारा आता बाराला थांबत असेल तर सॅच्युरेशन पडायची वाट न बघता डॉक्टरांना उठव. मॉनिटरला हे सगळ्यात शेवटी कळतं. आमच्या वेळी वॉर्डात मॉनिटर नव्हतेच, त्यामुळे ही नजर आम्हाला फुकट मिळाली. तुम्हाला ती मुद्दाम जपावी लागणार.

इन्चार्ज सिस्टर टोचून बोलतात म्हणून निघालास का, हे मी काल विचारलं नाही. असेल तरी हरकत नाही. पुष्कळजण त्याच कारणानं वॉर्ड बदलतात आणि नव्या ठिकाणी उत्तम रुळतात. पण तसं बोलणारं माणूस आयसीयूतही निघेल, एवढं गृहीत धरून जा.

डायलिसिसचंही तू बोललास, रात्रपाळी नाही म्हणून. बरं आहे ते काम, पण इतक्यात नको असं माझं मत. तिथं तेच पेशंट आठवड्याला दोन-तीनदा येतात, वर्षानुवर्षं. ते तुझ्यापेक्षा जास्त शिकलेले असतात. सुई कुठं टोचायची ते तेच सांगतील. गेलास कधी तर फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या, हाताला बीपीची पट्टी बांधायची नाही. रोज बोट ठेवून आतली थरथर लागते का बघायचं. आधी दोन वर्षं आयसीयूत काढ, मग ठरव.

आणखी एक. तुझ्या वर्गातल्या पोरींना नातेवाईक "ओ सिस्टर" म्हणतात आणि तुला "डॉक्टरसाहेब". तुला बरं वाटतं, मला माहितीये. पण आयसीयूच्या दारात उभ्या बाईनं "डॉक्टर, वाचतील ना हो?" म्हणून विचारलं तर पहिल्याच वाक्यात सांग की मी ब्रदर आहे, डॉक्टरांना बोलावतो. तुझं "बघू" ती डॉक्टरचा शब्द म्हणून घरी घेऊन जाते.

आता कागदाचं, कारण हे तू हमखास विसरणार. मेडिकल सोडण्याआधी अनुभवाचं पत्र मागून घे. त्यावर विभागाचं नाव आणि कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं पाहिजे, नुसतं "स्टाफ नर्स म्हणून काम केले" नको. पुढं क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करायचा म्हटलास, किंवा बी.एस्सी. असल्यामुळे दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स, तर कुठल्या विभागात किती काम केलं हेच आधी बघतात. एम्सच्या नॉरसेटचा, म्हणजे नर्सिंग भरतीच्या परीक्षेचा, अभ्यासही सोडू नको. तिथं मुलांना २० टक्केच जागा आहेत, म्हणजे तुला पोरींपेक्षा जास्त मार्क पाडावे लागणार. यावर रडून उपयोग नाही. आमच्या पिढीत तर वॉर्डात ब्रदर औषधालाही सापडत नव्हता. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधी संपतंय तेही बघ. मूळ सर्टिफिकेट त्यांच्या ऑफिसात अडकवून ठेवू देऊ नकोस, झेरॉक्स द्यायची.

पप्पांच्या ओळखीचा कंडक्टर शुक्रवारी संभाजीनगरच्या गाडीवर आहे. त्याच्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते. नाईट करून येशील तेव्हा आधी खा, मग झोप. सिडको स्टँडवर कधी येतोस ते त्याला आदल्या दिवशीच कळव. मागच्या वेळी डबा परत लातूरला आला होता.

तुझी,
आई