अक्का, अजून चार भाग राहिलेत

प्रिय अक्का,

सप्रेम सलाम.

आजीच्या स्मरण सभेत मी कागद हातात धरून सगळ्यांचे आभार मानले. पाळकसाहेब, महिला मंडळ, रात्री-अपरात्री धावून आलेले डॉक्टर, खुर्च्या देणारे शेजारी. तुम्ही मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसला होतात आणि त्या कागदावर तुमचं नाव नव्हतं. घरी येऊन आजीचं बायबल उघडलं, तेव्हा हे लक्षात आलं. चारचौघांत राहून गेलेले आभार चारचौघांतच मानायला हवेत, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आजोबा गिरणीत होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी उठायची सवय आजीला लागली ती कायमची. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या, भोंगा गेला, आजीची पहाटे चारची प्रार्थना मात्र चालू राहिली. ती प्रार्थना म्हणजे नावं असायची. आधी घरातली, मग मंडळीतली, मग गल्लीतली. दृष्टी होती तोवर ती नावं वहीत लिहायची. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हा बोटांची पेरं मोजत घ्यायची. तुमच्या तिन्ही मुलांची नावं उजव्या हाताच्या करंगळीवर होती. हे तुम्हाला बहुतेक ठाऊक नसेल.

वहीवाचून तिचं अडलं नाही, शास्त्रावाचून अडलं. आम्ही घरातले सगळे शिकलेले. रोज वाचून दाखवू म्हणालो आणि आठवड्याच्या आत कामांत बुडालो. मोबाईलवर बायबल लावून दिलं, तर दोन दिवस ऐकून ती म्हणाली, ‘याला थांब म्हटलं की हा थांबत नाही गं.’ तिला एकेका वचनापाशी थांबायचं असायचं.

तुम्ही थांबायचात. दुपारी मांडीवर सूप घेऊन आमच्या ओसरीवर बसायचात. बायबल समोरच्या डब्याला टेकवलेलं, डोळे ओळीवर आणि बोटं तेंदूच्या पानावर. हजार विड्या पुऱ्या करायच्या असताना माणसाने एक शब्द जादा बोलू नये, इतकं ते काम घाईचं. घरात तुमची तेलुगू, शाळेतली मराठी सातवीपर्यंतची. यहोशाफाट, नबुखद्नेस्सर अशा नावांवर अडखळायचात, आजी पाठ असलेलं नाव सांगायची आणि तुम्ही ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचात. कुणीतरी म्हणालं, पवित्र शास्त्राला तंबाखूचा वास लागतोय. आजी म्हणाली, ‘तो तिच्या कष्टाचा वास आहे, लागू दे.’

पुण्याला जाताना केडगाव आलं की आजी गाडीत मान खाली घालून प्रार्थना करायची, पंडिता रमाबाईंसाठी आणि त्यांनी निराधार बायकांसाठी तिथे उभ्या केलेल्या मुक्ती मिशनसाठी. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. अखेरची कित्येक वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घातली, तेही साध्या बाईला वाचता येईल अशा भाषेत. लहानपणी मला ही गोष्ट पाठ होती. तिचा अर्थ मला आमच्या ओसरीवर तुमच्या आवाजात कळला.

तुम्ही नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथाला निघालात की आधी आजीला साडी दाखवायला यायचात. ती काठावरून बोटं फिरवून रंग विचारायची आणि तुमच्या डोक्यावर हात ठेवायची. तिने तुम्हाला कधी तुमचा देव सोड म्हटलं नाही आणि तुम्हीही तिच्या देवाचं वाचताना कधी घाई केली नाहीत.

2024 च्या जानेवारीत सोलापूरजवळच्या कुंभारीला, कामगारांसाठी बांधलेल्या रे नगर वसाहतीत पंधरा हजार घरं दिली गेली, त्यात तुमचं एक. त्या घरासाठी आजीने कित्येक वर्षं मागणं केलं होतं. चावी मिळाली तेव्हा ती आनंदाने रडली. आता वाचन थांबणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पहिल्याच शनिवारी तुम्ही दारात उभ्या, पायात चप्पल, डोक्यावर ऊन. ‘अम्मा, कुठवर आलो होतो?’

मग दर शनिवार तुमचा. शेवटी आजीने 119 वं स्तोत्र मागितलं. 176 वचनं, आठ-आठ वचनांचे बावीस भाग, एका शनिवारी एक. अठरा शनिवार झाले आणि त्यानंतरच्या बुधवारी पहाटे आजी प्रभूत निद्रिस्त झाली. चार वाजून गेले होते, म्हणजे नावं घेऊन झाली असावीत. निदान करंगळीपर्यंत तरी ती पोचली असेल, असं मला मनापासून वाटतं.

अक्का, तुमचे उपकार मोठे आहेत. आजीची शेवटची वर्षं अंधारात गेली नाहीत, ती तुमच्यामुळे. आम्हा नातवंडांचं काम तुम्ही केलंत, पैशाचा विषय निघाला की उठून जायचात, आणि त्याबद्दल एक शब्द कधी कुणाला बोलला नाहीत.

बायबलमध्ये तुम्ही खुणेला ठेवलेलं तेंदूचं पान अजून तिथंच आहे, 145 व्या वचनापाशी. पुढचं मी वाचून पाहिलं. त्याच भागात पहाट व्हायच्या आधी उठून देवाचा धावा करणाऱ्याचं वचन आहे. तेवढं वाचून मी पुस्तक मिटलं. येत्या शनिवारी ते घेऊन कुंभारीला येते. उरलेले चार भाग तुम्हीच वाचा, मी ऐकते.

तुमचीच,
आजीची धाकटी नात
सोलापूर