डिकीतलं पाणी: तीन जॉब कार्डं झाली, गळती तिथेच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डिकीत पाणी शिरण्याची तक्रार तीनदा करूनही न सुटल्याबाबत

महोदय,

माझी गाडी एकाच तक्रारीसाठी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तीनदा जाऊन आली. तिन्ही जॉब कार्डांवर 'काम पूर्ण' असा शेरा आहे, आणि तिन्ही वेळा पुढच्याच मोठ्या पावसात डिकी पुन्हा ओली झाली. गाडी अजून वॉरंटीत आहे.

सुरुवात वासाने झाली. सकाळी दार उघडलं की कुबट भपका यायचा आणि काचा आतून धुरकट असायच्या. पुसल्या की पाच मिनिटांत पुन्हा तेच. एसीचा दोष समजून मी आठवडाभर फिल्टरच्या मागे होते. मग एका वळणावर मागून डुचमळल्याचा आवाज आला. डिकीतली मॅट वरून कोरडीच होती, म्हणून तोवर शंका आली नव्हती. ती उचलून खालचा पुठ्ठा काढला तर स्टेपनी पाण्यात बसलेली आणि जॅकच्या आट्यांवर गंज.

पहिल्या खेपेला ॲडव्हायझरने माझं बोलणं पुरं व्हायच्या आत "मॅडम, धुताना गेलं असेल" असं निदान केलं. पाणी उपसलं, डिकी वाळवली, सुगंधी फवारा मारला आणि गाडी परत दिली. दुसऱ्या खेपेला झाकणाचं रबर बदललं आणि त्याचं बिल माझ्या माथी मारलं, कारण रबर म्हणे झिजणारा भाग. मुळात जुन्या रबरात काही खोट नव्हती. रबरावर कागदाची पट्टी ठेवून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. अडखळली तर रबर नीट दाबून बसतंय, सहज सुटली तर तिथे फट आहे. मी चारी बाजूंनी ओढून पाहिली होती, कुठेही सैल नव्हती. हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, "आमची प्रोसिजर असते." त्या प्रोसिजरनंतरच्या पावसात मी मगाने मोजून साडेचार लिटर पाणी काढलं.

तिसऱ्या खेपेला मात्र कहर झाला. झाकणाच्या सांध्यावर आणि डाव्या टेल लॅम्पच्या वरच्या कडेला पांढरं सिलिकॉन थापलं होतं, तेही व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं. ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्याला गंज चढवतं, आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही. शिवाय स्टेपनीच्या खळग्यातलं रबरी बूच काढून टूलच्या पिशवीत ठेवलं होतं. म्हणजे पाणी साचणार नाही आणि तक्रारही येणार नाही! छप्पर गळतं म्हणून जमिनीला भोक पाडण्यातला हा प्रकार. त्या भोकातून रस्त्यावरचा चिखल आणि धूळ आत येते, ती वेगळीच. बूच मी परत बसवलं.

तीन खेपांत एकानेही गाडीवर पाणी सोडून ते नेमकं कुठून शिरतं हे पाहिलं नाही. ते शेवटी आम्ही मायलेकींनी पाहिलं. डिकीतली मॅट, बाजूची अस्तरं, स्टेपनी सगळं बाहेर काढून पत्रा कोरडा पुसला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मुलगी मागची सीट पाडून टॉर्च घेऊन आत शिरली, मी झाकण लावलं आणि बाहेरून साधी नळी धरली. प्रेशर वॉशर मुद्दाम वापरला नाही, कारण त्याच्या माऱ्याने पावसात कधी शिरणार नाही तिथूनही पाणी शिरतं. सुरुवात खालून केली. आधी टपावर पाणी ओतलं की सगळंच भिजतं आणि मग काहीच कळत नाही. बंपरच्या रेषेत पाच मिनिटं नळी धरली, आत कोरडं. म्हणजे बंपरमागच्या, आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा निर्दोष. झाकणाच्या रबराभोवती पाच मिनिटं, तिथेही कोरडं. डाव्या लॅम्पवर नळी धरून तिसरं मिनिट चालू असताना आतून हाक आली, "आई, आलं!"

पावडरमध्ये मुंग्यांची रांग गेल्यासारखी एक बारीक रेघ उमटली होती: लॅम्पच्या खालच्या बोल्टपासून निघालेली, पत्र्याच्या दुमडीवरून सरकत थेट खळग्यात उतरलेली. पुन्हा पुसून, पावडर टाकून उजवा लॅम्प, मागची काच आणि टपाची पन्हळ तपासली. तिथे थेंबही नाही.

मग आतले नट सोडवून डावा लॅम्प बाहेर ओढला. त्यामागचं पाणी अडवणारं फोमचं गॅस्केट खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या रुंदीत दुमडून चपटं झालं होतं. हा लॅम्प त्याआधी कोणीही काढलेला नव्हता. जॉब कार्डांवरही तशी नोंद नाही. म्हणजे ती घडी कारखान्यातलीच. तुमच्या माणसाचं सिलिकॉन तिच्यापासून वीतभर वर होतं.

हे फोटो दाखवल्यावर आता सेंटर म्हणतं, लॅम्प तुम्ही स्वतः काढलात, तेव्हा या भागाची वॉरंटी गेली. तीनदा जे शोधलं नाही ते शोधल्याची ही शिक्षा मला मान्य नाही.

माझी मागणी अशी: दोन्ही लॅम्पची गॅस्केटं वॉरंटीत नवीन बसवावीत आणि त्यानंतर माझ्यासमोर पाणी सोडून पाहावं. सिलिकॉन खरवडून, खळग्यातला गंज काढून पत्र्याला रीतसर प्रायमर आणि रंग द्यावा. मॅटखालचं नमद्याचं अस्तर बदलावं. ते कितीही वाळवलं तरी त्याचा वास जात नाही. त्या ओघळापासून चार बोटांवर वायरिंगचा कनेक्टर आहे, तो उघडून त्याच्या पिना तपासाव्यात. रबराचं बिल परत करावं. हे सगळं कधी करणार ते १५ दिवसांत लेखी कळवावं.

तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, फोटो आणि नळीच्या चाचणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. गॅस्केट दुसरं नसल्याने दुमडलेलंच परत बसवून वरून टेप लावली आहे. लॅम्प काढाल तेव्हा मी हजर असेन, आणि ते गॅस्केट माझ्या हातात द्यावं.

आपली,
एक ग्राहक