तांबडी तुझ्या पडवीत बसलीय

ओतूर
रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय विन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू दोन मिनिटांत "घराचं सोडून बोल" म्हणतोस, आणि हे घराचं सोडून बोलता येण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, जन्मभर एसटीत तिकिटं पंच केलेला हात आहे.

माझी साखर बरी. मंगलचे गुडघे होते तसेच. उन्हाळी कांदा काढायला आलाय, भावाचं विचारू नकोस. झालं तब्येतीचं.

आता ऐक. आक्काची तांबडी कोंबडी खुडूक झालीय, अंडी उबवायच्या नादाला लागलीय, आणि ती माझ्या घरी नाही, तुझ्या मागच्या पडवीत बसलीय. जात्याच्या कोपऱ्यात. बरोबर तिथंच, जिथं आक्का अंड्यांची पाटी मांडायची.

मंगलला सांगितलं तर म्हणाली, "मग? कोंबडी आहे, कुठंही बसेल." पोराला सांगितलं, त्याने फोटो मागितला. म्हटलं, हे कळणारा माणूस बडोद्यात बसलाय, आणि तो माझ्यावर रुसलाय.

झालं असं. शिवरात्रीच्या सुमारास ती खुडूक झाली. पिसं फुलवून क्लक् क्लक् करत फिरणं, जवळ गेलं की चोच मारणं, अंडी देणं बंद. एरवी मला आनंद झाला असता, कारण मंगलच्या गिरीराज कोंबड्यांना हे येतच नाही. त्या अंडं घालतात आणि विसरतात. त्यांच्या रक्तातून ती खोडच काढून टाकलीय, कारण खुडूक बसलेली कोंबडी महिना-दीड महिना अंडं देत नाही. अंड्यांच्या धंद्याला ते परवडत नाही. पिल्लं काढायची तर आपली गावरानच.

पण तांबडी आजारी होती रे. आधीपासून. तुरा फिका पडलेला, चालताना मधेच थांबायची. हातात घेतली तर वजनच नाही, छातीचं हाड विळ्यासारखं बोटाला लागायचं. म्हणून ठरवलं, हिला या वर्षी बसवायचं नाही. खुडूकपण मोडायचं. गार पाण्यात बुडवायचं, नाहीतर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात उजेडात ठेवायचं. खालून पोटाला वारा लागला की तीन-चार दिवसांत डोक्यातलं जातं. तिसरा उपाय तुला माहितीच आहे. नाकपुडीतून पीस आरपार घालायचं. आठवीत असताना तू तो माझ्या काळीवर केला होतास, आणि मी तुझ्याशी दिवाळीपर्यंत बोललो नव्हतो. तू अजून म्हणतोस की ती तेवढ्यानेच नीट झाली. ती नीट झाली नव्हती, ती तुला घाबरून अंडी लपवायला लागली होती. हा विषय माझ्या बाजूने बंद आहे, तरी नोंद असावी.

तर, डालग्याखाली झाकली. वर दगड ठेवला. सकाळी दगड जागेवर, डालगं जागेवर, तांबडी गायब. बिबट्याचा धसका तुला माहीत आहे. ऊस तुटायला लागल्यापासून रात्री कुत्री पडवीबाहेर येत नाहीत. मी पिसं शोधत सगळं परस फिरलो. शेवटी तुझ्या कुंपणाच्या पडलेल्या भागातून आत गेलो, तर बाईसाहेब जात्यामागे, आक्काच्या वरवंट्यावर बसलेल्या. दगड उबवत होती, विन्या! हात घातला तर पोटाखालची पिसं झडून उघडी कातडी झालेली, तापल्यासारखी गरम, आणि त्या गरम कातडीखाली वरवंटा. तोही कोमट झाला होता.

घरी आणली. दुपारी परत तिथंच. पुन्हा आणली, तर डालग्यात पाय झाडून तिने पंखाची दोन पिसं मोडून घेतली. मग मी हरलो. मंगलकडून पाटी घेतली, पेंढा घातला आणि तुझ्या पडवीत अंडी मांडली. नऊ. आक्काचा नियम, विषमच हवीत. मांडताना वरवंटा बाजूला केला, तर ती वरवंट्याकडेच बघत बसली थोडा वेळ.

पेंढ्यात लोखंडी खिळाही ठेवलाय, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. देवावर माझा विश्वास किती ते तुला माहीत आहे, पण खिळ्यावर आहे.

यानंतर खरी कटकट सुरू झाली. ती दिवसातून एकदाच उठते. खाते, पिते, शिटते आणि परत. त्या शिटीचं काय सांगू! एवढा मोठा ढीग आणि असा वास की मी थेट मानमोडीवर गेलो. आपल्या वाडीतली सगळी खुराडी ज्या वर्षी एका आठवड्यात रिकामी झाली होती ते डोळ्यासमोर आलं. मान पिळवटलेली, हिरवट हगवण, आणि आक्का टोपलीत एकेक भरतेय. तसाच डॉक्टरांना घेऊन आलो. ते हसले. खुडूक कोंबडी दिवसभराचं धरून ठेवते, म्हणून ढीग तेवढाच होतो म्हणाले. मान सरळ आहे, श्वास नीट आहे, मानमोडी नाही. रात्री बॅटरी घेऊन खाली बघा म्हणाले.

रात्री बघितलं. पाटीच्या विणीत, प्रत्येक फटीत तांबूस ठिपके, आणि ते चालत होते. दिवसा लपून बसतात, रात्री अंगावर चढून रक्त पितात. माझ्या कोपरापर्यंत चढले. म्हणजे खुराड्यात हे कधीचं चालू असणार, म्हणून तुरा पांढरा. आणि खुडूक कोंबडी तर रात्रभर हलतच नाही, त्यांना पंगतच मांडलेली.

त्याच रात्री पेंढा जाळला. पाटी बदलली. घरच्या खुराड्यावर उकळतं पाणी ओतलं, सकाळी उन्हात टाकलं. नव्या पेंढ्याखाली निरगुडी आणि कडुलिंबाचा पाला. डॉक्टरांनी दिलेली पावडर पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी चोळली. शेजारी चुलीची राख चाळून एका घमेल्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी उठली तेव्हा घमेल्यात उतरून अशी लोळली की मला वाटलं मेली. एक पाय वर, डोळे मिटलेले, मान राखेत. मग उठून अंग झाडलं आणि सगळी राख माझ्या चहात.

खाण्याचं सांगायचं तर बाजरीचा भरडा भिजवून, शेवग्याचा पाला बारीक चिरून, गुळाचं पाणी. आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. यावर मंगल दोन दिवस बोलत नव्हती. कोंबडीला अंडं खायला घालणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. शेजारचा दामू रोज येऊन विचारतो, "मास्तर, रस्सा कधी?" मी मास्तर नाही, हे त्याला चाळीस वर्षं सांगतोय.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, अंडी काढून घ्या, कोंबडी वाचेल. बसली तर एकवीस दिवस उपाशी राहण्यासारखंच आहे, त्यात रक्त कमी. बरोबर बोलतात ते. पुतण्याकडे थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून केलेलं मशीन आहे, साडेसदतीस अंशांवर ठेवायचं, अंडी त्यात घालू म्हणाला. घातली असती, पण इथली वीज तुला माहीत आहे. आणि अंडी गेली तरी ती उठणार नाही, हे मी बघितलंय. ती वरवंट्यावर बसेल. उपाशी राहायचंच आहे तर दगडासाठी कशाला?

तू म्हणशील, उचल आणि कोंड. तू तेच म्हणणार. आक्काच्या वेळीही तू तेच केलंस. चिडू नकोस, वाच पुढे. तू तिला बडोद्याला नेलंस, खोली दिलीस, पंखा दिलास, सूनबाईने हातावर ठेवलं, यातलं काही मी नाकारत नाही. आणि ती शिवाजीनगरला माझ्या गाडीत चढली तेव्हा मी तिला पळवून आणली नव्हती. तिने पिशवीतून पैसे काढले, "अर्धं दे" म्हणाली, मी अर्धं दिलं. ज्येष्ठ नागरिकाला तेव्हा अर्धंच असायचं. चाळकवाडीपर्यंत बोलली नाही. पुढे म्हणाली, "कोंबड्या कुणी बघितल्या?" एवढंच. तुला मी त्या रात्री फोन केला, त्यात जे तू बोललास ते मी विसरलेलो नाही, पण ते इथे लिहीत नाही. कागद कमी आहे.

सातव्या दिवशी रात्री अंडी बॅटरीवर धरून बघितली. चार कोरी निघाली, ती काढली. पाच राहिली. तेवढाच भार कमी, आणि तिला नीट झाकताही येतात. एक तुला दाखवायला हवं होतं. मूठ वळून त्यात बॅटरी, वर अंडं, आणि आत तांबड्या शिरांचं जाळं, मधे एक काळा ठिपका. तो हलला. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्या हाताकडे बघत होती, चोच उघडी. अंडं परत ठेवलं तेव्हा तिने ते चोचीनेच पोटाखाली ओढून घेतलं.

तुरा किंचित लाल झालाय. मंगल म्हणते भास आहे. वजन वाढलेलं नाही. काल उठताना एक पाय लटपटला, मग मी वाटी जात्यालाच टेकवून ठेवली, की तिला दोन पावलांत मिळावी. मी रात्री तिथंच झोपतो. मुंगसासाठी काठी, बिबट्यासाठी फक्त अब्रू. मंगल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हे बाळंतिणीजवळ आहेत."

तुझा मोतीबिंदू झाला का? नातीच्या बारावीचं काय? सूनबाईची बदली भरूचला झाली असं तुझ्या चुलत्याने सांगितलं, खरं का? सविस्तर लिही, मी विचारलं नाही असं म्हणू नकोस.

आता कामाचं. तू पाडव्याच्या मुहूर्तावर खरेदीखत करणार असं कळलं. घर तुझं, मी माझं म्हणणं मागेच सांगितलंय, परत सांगत नाही. (विकू नकोस.) पण एक ध्यानात घे. एकवीस दिवस पाडव्याच्या आगेमागेच भरतात. आणि तो गिऱ्हाईक माणूस परवा गवंडी घेऊन आला होता, पडवीची मापं घेत होता, जातं हलवायला लागला. मी त्याला सांगितलं की जात्याखाली नाग आहे. आता तो तुला फोन करेल. तू नाही म्हणू नकोस.

खरेदी आठवडाभर पुढे ढकल. कारण काय सांगायचं ते तू बघ, बडोद्यात राहून एवढं तरी शिकला असशील. त्याला कोंबडीचं सांगू नकोस, किंमत पाडेल.

आणि येशील तेव्हा किल्ली आठवणीने आण. पडवीतून आतलं दार बंद आहे, पिल्लं निघाली की पहिले काही दिवस तिला बंद खोली लागेल, निदान दोन रात्री. घारीचं आणि मांजराचं मी बाहेर किती बघणार? लिलो चिवडाही आण, मांडवीतला. मागच्या वेळी तू जो आणला होतास तो मंगलच्या गिरीराजनेही सोडला होता.

तुझा
सदा

ता. क. डॉक्टरांनी तिचं वय विचारलं. मला सांगता येईना. आक्काच्या हातचं पिल्लू आहे एवढंच माहीत. ती कुठल्या वर्षीच्या पाटीतली, तुला आठवतं का? आठवत असेल तर फोन कर, त्यावर औषधाची मात्रा ठरवायची आहे.