हॅम्बर्गहून आप्पांना

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तरेकडच्या तयार चादरींना आपलं लेबल लावायच्या व्यवहाराबद्दल फोनवर तुम्ही म्हणालात, "पार्टी बरी वाटतेय, मन म्हणतंय घेऊन टाकावं." आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो.

कोनावर गुंडाळलेलं सूत चिमटीत पिळून तुम्ही सांगता, हे वीस काउंटच्या जाडीचं नाही, आणि तपासल्यावर तसंच निघतं. तुमचा तो अंदाज मी डोळे मिटून मानतो. इथे कानेमन आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांचा 2009 चा एक लेख वाचला. एक अंदाजावर शंका घेणारा, दुसरा अंदाजाची बाजू घेणारा. दोघांचं जमलं ते इतक्यावर: जिथे गोष्टी ठरावीक रीतीने घडतात आणि चूक लवकर कळते, तिथे मुरलेल्या माणसाचा अंदाज धरावा. सुताचं तसं आहे. या पार्टीशी तुमची ओळख चार चहांची.

आणि पार्टी सज्जन निघाली तरी काय? उत्तरेकडून तयार माल यायचा आणि अक्कलकोट रोडला आपण फक्त 'सोलापुरी चादर' हे लेबल शिवायचं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावायचं. खोट्या लेबलाला 1999 च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. सहसा कुणी पकडलं जात नाही, हे तुम्हीही जाणता, मीही. पण जेकार्ड मागाला नक्षीचे पत्ते लावण्यात ज्यांची हयात गेली, त्या मामांना लेबल शिवायला कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय किलोमागे दोनच रुपये सुटत असते, तर मनाने हाच कौल दिला असता का?

माग बंद राहिले तर कामगारांचा आठवड्याचा पगार कुठून काढायचा, हे तुमचं म्हणणं मला पटतं. त्यांच्या घरी चूल पेटली पाहिजे, हीसुद्धा नीतीच. त्यावर मला सुचतं ते असं: पार्टीला म्हणा, माल विकतो, पण लेबल तुमच्या गावाचं. मार्जिन कमी पडेल, मान्य. तयार झाले तर व्यवहार करा. टाळाटाळ केली, तर त्यांना आपल्याकडून काय हवं होतं ते कळेलच.

गड्ड्याच्या यात्रेआधी त्यांना उत्तर हवंय ना? तोवर ॲडव्हान्स घेऊ नका. एकदा घेतला की तुमच्याच्याने नाही म्हणवणार नाही. दादालाही हे वाचायला द्या, हिशेब तोच बघतो.

आईला नमस्कार. शेंगाचटणी संपली म्हणावं.

तुमचा,
बाळू